पाणी चांगलं, मग मासे का मेले?

मे महिन्यात जळगावातल्या एका स्नेह्यांचा सकाळीच फोन आला. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले चार मासे रात्रीतून गेले होते. पाणी तपासलं तर माशांच्या घाणीतून तयार होणारी विषं, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य, खारेपणा बरोबर. "कुणीतरी काहीतरी टाकलं असेल," त्यांचा संशय.

जाऊन पाहिलं. निळा टँग मासा तोंड वासून पडलेला, कल्ल्यांची झाकणं ताणून उघडलेली. सगळ्यात मोठा मासा आधी गेला, छोटा क्लाउनफिश वाचला. मी एवढंच विचारलं, "रात्री लाइट गेली होती का?" गेली होती, दीड ते चार.

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात तो लिटरला आठच्या आसपास, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात पावणेसात. मिठाचे आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती धरून ठेवतात, त्यामुळे ऑक्सिजनला जागा कमी उरते. हेच खारं पाणी ३२ अंशांवर गेलं की सहाच उरतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक वाढलेली असते, पोटाचीही आणि प्राणवायूचीही.

इतक्या तुटपुंज्या साठ्यावर मासा जगतो तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. तिथे रक्त एका दिशेने वाहतं आणि पाणी नेमकं उलट. रक्त जसजसं ऑक्सिजनने भरत पुढे सरकतं, तसतसं त्याला आणखी ताजं पाणी भेटत जातं. दोघांतला फरक शेवटपर्यंत टिकतो, म्हणून ऑक्सिजन शेवटपर्यंत रक्तात शिरत राहतो. दोघं एकाच दिशेने वाहिले असते तर अर्ध्यावरच बरोबरी होऊन देवाणघेवाण थांबली असती. मला तरी निसर्गात याहून देखणी रचना क्वचितच दिसते.

पण पाण्यातच ऑक्सिजन नसेल तर कल्ले काय करणार? तो टाकीत शिरतो पृष्ठभागावरून, आणि संथ पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. पंप बंद, पाणी निपचित. लाइट आली, पंप फिरला, की तासाभरात पातळी पूर्ववत. सकाळच्या तपासणीत काय सापडणार?

शेजारी म्हणाले, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. ही समजूत मला फार खटकते. तिच्यामुळे कारण शोधायचंच राहून जातं आणि नवे मासे त्याच टाकीत मरायला येतात.

बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरतो. शिवाय पाण्यावर छोटा पंखा लावावा. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर जसा काम करतो, तसंच बाष्पीभवनाने टाकीही दोनतीन अंश उतरते. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याचीच.