वाफा आतून, वीज बाहेरून

रात्री दोनच्या सुमाराला छातीतून गरम लाट उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते. पांघरूण लाथाडावं लागतं, उशी ओली होते आणि पाच मिनिटांत तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. पाळी जायच्या वयात दहापैकी सात-आठ बायकांना या वाफा कमीअधिक छळतात. 'वय झालं, होणारच' म्हणून त्या सोसायच्या, हा सल्ला देणं सोपं असतं. अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्याजणींचा त्रास 7.4 वर्षांहून जास्त टिकला होता.

हार्मोनच्या गोळ्यांनी वाफा चांगल्या आटोक्यात येतात. पण स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना त्या सहसा देत नाहीत, आणि काहींना त्या नकोच असतात. अशा वेळी 'गोळी नको, इंजेक्शन नको, डोक्याला विजेचा पट्टा बांधून अर्धा तास बसा, वाफा कमी होतील' हे ऐकलं की कान टवकारणारच.

या पट्ट्यातल्या तंत्राचं लघुनाव टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन), म्हणजे कवटीवरून मेंदूला दिलेली सौम्य वीज. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर आणि टाळूवर बसवतात आणि त्यांच्यातून 1 ते 2 मिलिअँपिअर इतका बारीक, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडतात. सुरुवातीला स्पंजाखाली मुंग्या येतात, थोडी खाज सुटते, मग तेही जाणवेनासं होतं. मनोरुग्णांना देतात तो 'शॉक' वेगळा. त्यात साधारण 800 मिलिअँपिअरचा प्रवाह असतो, भूल द्यावी लागते आणि मुद्दाम फिट आणली जाते. इथे पेशंट जागी राहून पुस्तक वाचू शकते.

इतक्या क्षीण प्रवाहाने मेंदूतली पेशी पेटत नाही, म्हणजे संदेश सोडत नाही; पेटायला थोडी जास्त किंवा कमी राजी होते, इतकंच. जर्मनीत ग्योटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी 2000 साली दाखवून दिलं की काही मिनिटांच्या प्रवाहानंतर हालचालींचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग उत्तेजनाला वेगळा प्रतिसाद देतो, आणि हा बदल प्रवाह थांबल्यावरही काही काळ टिकतो. या विषयातलं आजचं बरंचसं काम तिथून सुरू झालं.

वाफांच्या बाबतीत मला अडचण दिसते ती पत्त्याची. शरीराचा थर्मोस्टॅट म्हणजे हायपोथॅलॅमस, आणि तो मेंदूच्या तळाशी खोल बसलेला आहे. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, लगाम सुटतो, त्या पेशी फुगतात आणि न्यूरोकायनिन-बी या रसायनाच्या जोरावर थर्मोस्टॅटला भलतेच निरोप धाडू लागतात. मग एरवी खपून गेला असता असा किरकोळ तापमानबदलही शरीराला उकाडा वाटतो आणि घाम सुटतो. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट हे औषध नेमका हाच निरोप अडवतं.

स्पंजातून सोडलेल्या विजेचं काय? बहुतेक वीज कातडी आणि कवटीतच जिरते. उरलेली पसरट होऊन मुख्यतः मेंदूच्या वरच्या थरांना हात लावते. तळघरातल्या थर्मोस्टॅटचा स्क्रू गच्चीवरून पिळण्यासारखंच हे. त्यामुळे 'आमच्या यंत्राने वाफा बंद' असं कुणी म्हणालं, तर माझी भुवई वर जाते.

तरी हा विषय मी मोडीत काढणार नाही, कारण पाळी जातानाचा त्रास वाफांपुरता नसतो. झोप उडते, मन खचतं, चिडचिड होते, हातात किल्ली असताना किल्ली शोधली जाते. कपाळामागचा डावा भाग मनःस्थितीशी जोडलेला आहे आणि तो वरच्या थरात, म्हणजे विजेच्या टप्प्यात आहे. नैराश्यावरचे निष्कर्ष मात्र उलटसुलट आहेत. 2023 मध्ये जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत नैराश्याच्या गोळ्यांच्या जोडीला दिलेली वीज नुसत्या दिखाव्याच्या, खोट्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही. 2024 मध्ये घरच्या घरी दहा आठवडे वापरलेल्या यंत्राने मात्र फरक पाडला. या चाचण्या पाळी जाणाऱ्या बायकांसाठी खास आखलेल्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

शिवाय वाफ येणं आणि तिचा जाच होणं या दोन गोष्टी आहेत. संवादातून विचारांची सवय बदलणाऱ्या सीबीटी उपचाराने वाफांची संख्या फारशी घटत नाही, जाच मात्र कमी होतो. विजेचा उपयोग झालाच तर तो याच वाटेने होईल, असा माझा अंदाज आहे.

तो तपासणं जिकिरीचं आहे. वाफांवरच्या चाचण्यांत खोट्या गोळीनेही पुष्कळजणींना बरं वाटतं. खोटी वीज तर आणखी पटते. प्रवाह अर्धा मिनिट सोडून गुपचूप बंद करतात. मुंग्या येऊन गेलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला खरं मिळालं की खोटं, हे त्या बाईला सहसा कळत नाही. म्हणून खऱ्या-खोट्या विजेची तुलना न करता 'इतक्याजणींना गुण आला' असं सांगणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये.

दवाखान्याच्या शिस्तीत ही वीज तशी सौम्य ठरली आहे. 2016 मध्ये 33,000 हून अधिक सत्रांचा आढावा घेतला गेला, त्यात गंभीर इजा आढळली नाही. अपस्मार असेल, कवटीत धातू किंवा शरीरात पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटेला जाऊ नये. आणि 9 व्होल्टची बॅटरी नि वायर जोडून घरी प्रयोग करणाऱ्यांच्या कपाळावर स्पंज सुकला की खाली भाजल्याचा गोल डाग उठतो.