टॅपेट वाजतात? जाड ऑईल हा इलाज नव्हे

जुन्या अँबॅसिडरचे टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले भाग) वाजू लागले की ‘जाड ऑईल घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. तिच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे ऑईलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट, नाहीत. रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारी दांडी) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट स्क्रूने जुळवावी लागते. जाड ऑईलने आवाज फार तर दबेल, फट तेवढीच राहील. उलट गार इंजिनात ते रॉकरपर्यंत उशिरा पोचेल.

रॉकरवरचे कव्हर काढा, इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि एकेका फटीत फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती सरकवा. जिथे टकटक थांबते, तिथेच दोष. मात्र आवाज पुरता घालवायला फट जास्त आवळू नका, कळकळीने सांगतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर जळतो. बारीक टिकटिक राहिली तर राहू द्या.