हजार वॅटचा एसएमपीएस तपासायचा कसा?

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. त्याच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असतं. ते वॅट किती तापमानाला मिळतात आणि ती वीज किती स्वच्छ असते, हे मात्र खोक्यावरून कळत नाही.

आधी लेबलवरचा तक्ता वाचा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. १००० वॅट म्हणजे त्या लाइनवर सुमारे ८३ अँपिअर. तिथे ६०-६५ अँपिअरच लिहिले असतील, तर बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी धरून फुगवलेले असतात. असा एसएमपीएस घेऊच नये.

खरी तपासणी इलेक्ट्रॉनिक लोडवर होते. हे यंत्र सांगू तेवढे अँपिअर नेमके ओढतं. १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत भार वाढवत व्होल्टेज किती खाली येतं ते पाहायचं. सर्वसाधारण मुभा ५ टक्क्यांची असली, तरी या किमतीच्या सप्लायकडून मी १ टक्क्याच्या आतली घसरण अपेक्षितो. मल्टिमीटर स्थिर १२ दाखवत असताना त्याच लाइनवर व्होल्टेजचा वेगवान चढउतार, म्हणजे रिपल असू शकतो, तो फक्त व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर दिसतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकात १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टची मर्यादा आहे. रिपल जास्त असला की मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) आतून तापतात.

तापमान हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. ‘८० प्लस गोल्ड’सारखा कार्यक्षमतेचा शिक्का मिळतो तो २३ अंशांच्या आसपासच्या चाचणीवर. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांपर्यंत जाते आणि कॅबिनेटमध्ये तर ग्राफिक कार्डाची उष्णताही कोंडलेली असते. शिवाय कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर १००० वॅट देताना सप्लाय भिंतीतून ११११ वॅट घेतो आणि १११ वॅटची उष्णता स्वतःच्या पोटात तयार करतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून आपल्याकडच्या ग्राहकाने ४० किंवा ५० अंशांना पूर्ण भार पेलल्याचा पुरावा शोधावा.

आपल्यासाठी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे होल्ड-अप टाइम. वीज गेल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही मिलिसेकंद आउटपुट टिकवून धरतो. एटीएक्स मानकाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही अपेक्षा १२ ते १७ मिलिसेकंदांची आहे. घरचा इन्व्हर्टर बॅटरीवर जायला यापेक्षा जास्त वेळ घेत असेल, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. कपॅसिटरवर पैसे वाचवले असतील, तर ते इथे उघडं पडतं.

२०२२ च्या एटीएक्स ३.० आवृत्तीने आणखी एक कठीण परीक्षा आणली: क्षमतेच्या दुप्पट, म्हणजे २००० वॅटचा झटका १०० मायक्रोसेकंद सोसायचा. ग्राफिक कार्डं असे झटके खरोखर देतात. एरवी चांगले असलेले काही जुने सप्लाय त्यांना ओव्हरलोड समजून बंद पडतात.

शेवटी आउटपुट मुद्दाम शॉर्ट करतात. सप्लायने तत्काळ बंद व्हावं आणि शॉर्ट काढून मेन स्विच बंद-चालू केल्यावर पुन्हा नीट चालावं. या चाचणीत धूर निघाला, तर आधीचे आकडे कितीही चांगले असोत, मी तो सप्लाय कोणालाही सुचवणार नाही.