गिअर पडत नाही? आधी क्लचकडे बघा

मोटारसायकलचा गिअर नीट पडेनासा झाला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो, आणि गिअरबॉक्स म्हटलं की इंजिन उघडण्याची धास्ती. खरं तर गिअरबॉक्स हा गाडीतला चांगला दणकट भाग. दुखणं बहुतेक वेळा त्याच्या अलीकडेच असतं: क्लचमध्ये, केबलमध्ये, पायाशी असलेल्या लिव्हरमध्ये, नाहीतर ऑइलमध्ये. हे सगळं घरी, चार-दोन पाने हाताशी ठेवून तपासता येतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते कळण्यासाठी आत काय चालतं याची थोडी कल्पना हवी.

गिअर बदलताना दातेरी चाकं एकमेकांपासून सुटतात आणि दुसरी येऊन अडकतात, असं चित्र बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर असतं. तसं होत नाही. पाच गिअरच्या गाडीत चाकांच्या पाच जोड्या असतात आणि पाचही जोड्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, बांधलेलं असतं, दुसरं शाफ्टवर मोकळं फिरत असतं. या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडलं की तो गिअर पडला. जखडण्याचं काम चाकाच्या अंगावरचे जाड खुंट करतात. मेकॅनिक त्यांना ‘डॉग’ म्हणतात. शेजारचं चाक शाफ्टवर काही मिलिमीटर सरकतं, त्याचे डॉग समोरच्या चाकाच्या खाचांत शिरतात आणि ‘खट्’ असा आवाज येतो. चाक सरकवणारा असतो फोर्क, म्हणजे काट्यासारखा दुबेळका तुकडा. फोर्कला इकडून तिकडे नेतो तो नागमोडी खाचा असलेला ड्रम. आणि पायाने लिव्हर दाबली की हा ड्रम रॅचेटमुळे एकेक घर पुढे किंवा मागे फिरतो. प्रत्येक दाबाला एकच गिअर बदलून लिव्हर पुन्हा मधोमध येण्याची ही सोय १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेट या ब्रिटिश कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी रेसिंगसाठी घडवली. त्याआधी बऱ्याच गाड्यांमध्ये गिअर हाताने टाकावा लागे.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे डॉग खाचेसमोर आला तरच आत शिरणार. इंजिन बंद असलेल्या उभ्या गाडीत कधी डॉगसमोर डॉगच येतो आणि कितीही दाबलं तरी गिअर पडत नाही. हा बिघाड नाही. गाडी वीतभर पुढे-मागे ढकलली की काम होतं. लिव्हरवर उभं राहून जोर करू नये. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डॉगवर इंजिनाचा जोर असेल तर तो जागचा हलत नाही, कारण धातूवर धातू दाबून बसलेला असतो. तो जोर काढून घेणं हेच क्लचचं काम. क्लचने ते अर्धवट केलं की गिअर अडतो, कुरकुरतो, आणि बोल गिअरबॉक्सला लागतो.

म्हणून पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. गाडी मेन स्टँडवर घ्या, एका हाताने मागचं चाक टायरला धरून सावकाश फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर हलवत एकेक गिअर टाका. बोटं चेन आणि स्प्रॉकेटपासून दूर ठेवा. अशा वेळी सगळे गिअर सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच त्रास होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं बिनधास्त समजा. सिग्नलला उभं असताना न्यूट्रल काही केल्या सापडत नाही आणि इंजिन बंद केलं की लगेच सापडतो, हीसुद्धा त्याचीच खूण. क्लच पूर्ण दाबलेला असताना पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकू बघत असेल, तर मग शंकाच नको.

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या आणि पोलादाच्या प्लेट एकाआड एक रचलेल्या असतात. हँडलवरची क्लच लिव्हर दाबल्यावर प्लेटांमध्ये पडणारी फट फार बारीक असते, आणि त्यांच्यातलं तेल ओल्या काचांसारखं त्यांना एकमेकींना चिकटवून ठेवतं. थंडीत सकाळी पहिला गिअर टाकताना गाडी दचकते ती यामुळेच. तेल गार आणि घट्ट असतं. एखादं मिनिट इंजिन चालू द्यावं, मग गिअर टाकावा. एवढ्यावर भागत असेल तर पाने काढायची गरज नाही.

इंजिन गरम झाल्यावरही त्रास होत असेल तर केबल बघायची. हँडलवरची क्लच लिव्हर बोटाने हळूच ओढा. सुरुवातीचा काही प्रवास अगदी हलका होतो आणि मग स्प्रिंगचा ताण लागतो. हा हलका प्रवास म्हणजे क्लचचा प्ले. लिव्हरच्या टोकाशी मोजला तर तो अनेक गाड्यांत साधारण १० ते २० मिमी असावा लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत मिळेल. प्ले जास्त असेल तर लिव्हरचा निम्मा प्रवास केबलची ढिलाई काढण्यातच जातो आणि प्लेट पुरेशा सुटत नाहीत. लॉकनट सैल करायचा, अॅडजस्टर बाहेरच्या बाजूला फिरवायचा म्हणजे प्ले कमी होतो, मग लॉकनट पुन्हा आवळायचा. हँडलजवळचा अॅडजस्टर बारीक फरकासाठी. त्याचे आटे संपत आले असतील तर तो पूर्ण आत घ्या आणि केबलच्या इंजिनकडच्या टोकाला असलेल्या अॅडजस्टरवर काम करा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही प्ले तपासा. वळवल्यावर तो बदलत असेल तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे.

इथे हाव करू नये. गिअर हलका पडावा म्हणून प्ले पार शून्यावर आणला, तर प्लेट पूर्ण दाबल्या जात नाहीत, क्लच घसरतो आणि काही दिवसांत जळतो. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं. केबल ताणली गेली की प्ले वाढतो, प्लेट झिजल्या की उलट कमी होतो. प्ले एकाएकी वाढला असेल तर नुसता अॅडजस्ट करून गप्प बसू नका; केबलचं टोक लिव्हरमधून बाहेर काढून बघा. शिशाच्या गोळीपाशी दोन-तीन तारा तुटून वर आलेल्या दिसतील. ती केबल बदलायचीच. हायड्रॉलिक क्लच असेल तर बहुधा तेलात हवा शिरलेली असते, ती काढावी लागते.

केबल ठीक आणि गिअर तरीही जड, तर ऑइल. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल पुरतं, आणि गिअरच्या दात्यांमध्ये चिरडून ते पातळ होत जातं. जुन्या ऑइलवर गिअर खडखडीत पडतात आणि नवीन घातल्यावर तीच गाडी निराळी वाटते, त्याचं कारण हे. उलट पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा घट्ट ऑइल घातलं किंवा खुणेच्या वर भरलं, तर प्लेट चिकटून राहण्याचं प्रमाण वाढतं. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असं लिहिलेलं असावं. हे मानक तेलातल्या क्लचसाठी आहे. कारचं निसरडं ऑइल घातलं तर गिअर अडणार नाही कदाचित, पण क्लच घसरेल.

आता दुसरी शक्यता: इंजिन बंद असतानाही गिअर अडतात. मग पायाशी बघा. लिव्हर ज्या शाफ्टवर बसते त्यावर बारीक उभे दाते असतात आणि लिव्हर एका बोल्टने त्यावर आवळलेली असते. बोल्ट सैल झाला की लिव्हर दात्यांवरून थोडी घसरते, मग शाफ्ट फिरतो कमी आणि पाय फिरतो जास्त. लिव्हर हाताने वर-खाली हलवताना शाफ्टच्या टोकाकडे नजर ठेवा. दोन्ही एकदम हलले पाहिजेत. लिव्हर आधी आणि शाफ्ट मागून हलत असेल तर दोष सापडला. बोल्ट आवळा, दाते झिजलेच असतील तर लिव्हर बदला. गाडी डावीकडे पडली असेल तर लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला घासते, तेही बघा. लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये जोडदांडा असलेल्या गाड्यांत दोन्ही टोकांचे गोळे मातीने सुकतात. ते पुसून ग्रीस लावलं की अर्धी तक्रार मिटते. त्या दांड्याच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, म्हणून नट ‘हट्ट करतोय’ असं वाटलं तर आधी दिशा तपासा.

लिव्हर दाबल्यावर मधोमध परत येत नसेल तर शाफ्टची रिटर्न स्प्रिंग तुटलेली असू शकते. तिच्यासाठी कव्हर उघडावं लागतं, सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडलेलं बरं.

चालत्या गाडीत, अॅक्सिलरेटर दिल्यावर गिअर आपोआप निसटतो, ही मात्र वेगळी जात. डॉगच्या कडा मुद्दाम किंचित तिरप्या कापलेल्या असतात, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना आत ओढतात. त्या कडा गोल झाल्या की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. कारण फोर्क वाकलेला असणं हेही असू शकतं. लिव्हरवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्यांचे फोर्क लवकर झिजतात, कारण आतलं गिअरचं चाक सतत एका बाजूला दाबलेलं राहतं. इथे केबल, ऑइल, ग्रीस यांचा उपयोग नाही. इंजिन उघडावं लागतं. तोवर निदान ऑइल बदलताना ड्रेन बोल्टच्या चुंबकाकडे बघा, तुमच्या बोल्टला ते असेल तर. राखाडी, मऊ लगदा असतोच, तो पुसून टाका. बोटाला टोचणारे तुकडे मिळाले तर ती गाडी आणखी चालवू नका.