गिल्डमधली क्विल्टिंग वर्कशॉप्स आणि किट फीचा घोळ

अमेरिकेत शिवण शिकवायला गावोगाव फिरणं जुनंच आहे, १९१४ च्या कायद्यानंतर सरकारी पगारावरच्या बायका खेड्यातल्या महिला मंडळांत जायच्याच, पण क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधड्या, करणाऱ्यांच्या गिल्डने (स्थानिक मंडळाने) बाहेरून शिक्षिका बोलवायची ही पद्धत खरी रुळली ती १९७० नंतर. १९७१ ला न्यूयॉर्कच्या एका म्युझियमने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले, १९७६ ला देशाच्या दोनशे वर्षांचा उत्साह होता, त्यात ठिकठिकाणी गिल्ड उभी राहिली. १९७९ ला जपानहून फिरत्या गोल पात्याचा रोटरी कटर आला आणि कात्रीने एकेक तुकडा कापायचा वेळ वाचला, माझ्या मते एका दिवसाचं वर्कशॉप जमायला लागलं ते त्यामुळेच.

मग साचा ठरून गेला. मीटिंगला ट्रंक शो, म्हणजे शिक्षिका क्विल्टची गोष्ट सांगणार आणि पांढरे हातमोजे घातलेल्या दोघी जणी कोपरे धरून तो उंच करणार, आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉप.

घोळ आहे तो 'फी' या शब्दात. शिक्षिकेचं मानधन आणि प्रवासखर्च गिल्ड देतं, ते भरून निघावं म्हणून मेंबर गिल्डकडे वर्कशॉप फी भरतात. किट फी वेगळी, ती कापड आणि पॅटर्नची, बहुतेक वेळा वर्गातच थेट शिक्षिकेच्या हातात द्यायची. मेंबरला वाटतं एकदा भरले की पैसे, आता परत कसले? म्हणून काही गिल्ड म्हणतात किट ऐच्छिक ठेवा. ऐकायला बरोबर वाटतं, पण पॅटर्न किटमध्येच असेल तर एकीने घ्यायचा आणि बाकीच्यांनी झेरॉक्स काढायची असं होतं, आणि ते शिक्षिकेच्या पोटावर येतं. तिने पदरचे पैसे घालून कापड आणलेलं असतं, रात्री बसून पट्ट्या कापून पाकिटं भरलेली असतात, आणि उरलेली पाकिटं पुन्हा त्याच ५० पौंड वजनाची मर्यादा असलेल्या सूटकेसमध्ये, क्विल्टच्या शेजारी कोंबायची. किट फी सक्तीची असावी आणि आकडा गिल्डने नोंदणीच्या फॉर्मवरच छापावा, एवढं साधं आहे हे.

२०२० ला सगळं झूमवर गेलं तेव्हा किट पोस्टाने आधी पाठवायची म्हणून पैसेही आधीच घ्यायला लागले, आणि हा वाद बराच निवला. त्याची जागा वर्गाच्या रेकॉर्डिंगने घेतली: गिल्डने ते किती दिवस ठेवायचं आणि वर्गाला न आलेल्या मेंबरने ते बघायचं का.