मास्क बदलला की शेजारी बदलतो

मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जरा आत शिरलं, की आयपी ॲड्रेसजवळ (म्हणजे जाळ्यातल्या यंत्राच्या पत्त्याजवळ) २५५.२५५.२५५.० असा आकडा दिसू शकतो. बहुतेक जण तो बघून मागे फिरतात, आणि घरात एकच राउटर असेल तर काही बिघडतही नाही. पण नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात हिशेबाचे संगणक, सीसीटीव्ही आणि सीएनसी मशीन एकाच जाळ्यात आणायची वेळ आली, की या आकड्याशी गाठ पडतेच. हाच सबनेट मास्क.

आयपी ॲड्रेसचे दोन भाग असतात: डावीकडचा नेटवर्कचा, उजवीकडचा यंत्राचा. पिनकोडचंही तसंच आहे. पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७, नाशिकरोड ४२२१०१. सुरुवातीचे ४२२ सगळ्यांचे सारखे. मालेगाव मात्र ४२३मध्ये. पण पिनकोडमधली ही रेघ कायमची आखलेली आहे, आयपी ॲड्रेसमधली नाही. ती कुठे ओढायची, हे मास्क सांगतो.

संगणकाच्या लेखी ॲड्रेस म्हणजे ३२ बिट, म्हणजे शून्य आणि एक यांची ओळ. मास्कही ३२ बिटांचाच. त्यात जिथे १ आहेत तो भाग नेटवर्कचा, जिथे ० आहेत तो यंत्राचा. एकदा शून्य सुरू झालं की पुन्हा १ येत नाही. म्हणून मास्कच्या चार खणांत ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ एवढेच आकडे दिसतात. कुणी २५५.२५५.२५५.१०० लिहून दिलं, तर तो मास्कच नव्हे.

समजा कारखान्याने १९२.१६८.१०.० हे जाळं चार विभागांत वाटलं आणि मास्क ठेवला २५५.२५५.२५५.१९२. आता १ आहेत २६, म्हणून यालाच थोडक्यात /२६ म्हणतात. यंत्रासाठी सहा बिट उरले, म्हणजे ६४ ॲड्रेस. त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून वापरायला ६२. स्टोअरमधल्या संगणकाचा ॲड्रेस १९२.१६८.१०.७० असेल, तर पहिले तीन खण २५५मुळे तसेच राहतात, बघायचा फक्त शेवटचा: ७० म्हणजे ०१०००११० आणि १९२ म्हणजे ११००००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा. उरतं ०१००००००, म्हणजे ६४. हा संगणक ६४ ते १२७च्या गटातला.

पॅकेट, म्हणजे माहितीचं पाकीट, पाठवताना संगणक हेच गणित समोरच्याच्या ॲड्रेसवरही करतो. उत्तर जुळलं तर तो शेजारी. त्याला थेट हाक मारायची. नाही जुळलं तर पॅकेट राउटरच्या हवाली. आणि गंमत अशी, की पॅकेटमध्ये दोघांचे ॲड्रेस असतात, मास्क नसतो! शेजारी कोण, हे प्रत्येक यंत्र स्वतःच्या मास्कवरून एकट्यानेच ठरवतं.

सुरुवातीला अशी मोकळीक नव्हती. १९८१च्या नियमांत ठरावीक वर्ग होते: सी वर्गाच्या नेटवर्कमध्ये २५४ यंत्रं, बी वर्गात थेट ६५,५३४. पाचशे संगणकांच्या संस्थेला सी अपुरा, बी म्हणजे निव्वळ उधळपट्टी. १९८५मध्ये एका नेटवर्कचे आतल्या आत तुकडे करण्याची रीत ठरली आणि १९९३मध्ये वर्गांची चौकटच मोडीत काढली गेली.

स्टोअरच्या त्याच संगणकावर कुणी सवयीने २५५.२५५.२५५.० टाकला, तर काय होईल? इंटरनेट चालेल, स्टोअरमधला प्रिंटरही चालेल. दुसऱ्या विभागातला १९२.१६८.१०.१५० वरचा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर मात्र सापडणार नाही. संगणकाला तो शेजारीच वाटतो, म्हणून तो राउटरला न विचारता थेट हाक मारतो, आणि अशा हाका राउटर सहसा पलीकडे जाऊ देत नाही. मग केबल बदलली जाते, स्विच बदलला जातो, रेकॉर्डरवाल्याला फोन होतो. केबलमध्ये दोष असता, तर त्या संगणकावर इंटरनेटही आलं नसतं.