टीडीएसचा पेन आणि सामूचा पेन

आरओचा फिल्टर बदलायला येणारा मुलगा खिशातून काढून पाण्यात बुडवतो, तो टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा. जवळजवळ तसाच दिसणारा, वर तसाच छोटा पडदा असलेला दुसरा पेन म्हणजे पीएच मीटर, पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा. माती परीक्षणाच्या कागदावर हीच जोडी ‘सामू’ (म्हणजे पीएच) आणि ‘क्षारता’ म्हणून शेजारी शेजारी छापलेली असते. कपाटात एलईडीखाली पालक आणि लेट्यूस लावायचं, खत-पाणी पंपांवर सोपवायचं, असं ठरवलं तेव्हा मला वाटलं, एका पेनावर भागेल. नाही भागलं.

टीडीएसचा पेन खरं तर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, म्हणजे ईसी, मोजतो आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो. कुणाचा गुणक ५००, कुणाचा ७००. त्यामुळे लेट्यूसला मानवणारं १.२ ईसीचं द्रावण एका पेनावर ६०० दिसतं, दुसऱ्यावर ८४०. भांडणं नकोत म्हणून सरळ ईसीतच बोलावं.

खरी खोच पुढे आहे. खताचा नत्र कुठला आणि बोअरचा कॅल्शियम कुठला, हे या पेनाला कळत नाही. आमचं बोअरचं पाणी मुळातच ६०० च्या आसपास. पंप चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला मी लक्ष्य दिलेलंही ६०० चंच. खताचा पंप एकदाही चालला नाही! पडद्यावर आकडा झकास आणि रोपं पंधरा दिवस उपाशी. आधी खालची जुनी पानं फिकी पडली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

मग अर्धं आरओचं पाणी घालून लक्ष्य वाढवलं. ईसी जागेवर आला, पण आता नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडल्याची खूण. खतात तर लोह होतं! दुसरा पेन आणून बुडवला: सामू ७.८. मातीविना लागवडीत तो ५.५ ते ६.५ असावा लागतो. वर गेला की लोह, मँगेनीज टाकीत असूनही मुळांना घेता येत नाहीत. ताट वाढलेलं, पण घास उचलता येत नाही, तसं. शिवाय रोपं नायट्रेट शोषतात तसा सामू आपोआप वर सरकतो, म्हणजे एकदा दुरुस्त करून सुटका नाही.

पंप जोडताना दोघांचे स्वभाव फारच वेगळे निघतात. ईसी सरळमार्गी: दुप्पट खत, जवळपास दुप्पट वाढ. सामूची एक पायरी म्हणजे आम्लतेत दहापट फरक. त्यात बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट बराच वेळ आम्ल गिळत राहतात, आकडा हलत नाही, आणि ते संपले की सामू धाडकन कोसळतो. म्हणून आम्लाचा पंप एका वेळी एक-दोन मिलिलिटरवर बांधायचा, पाणी दहा-पंधरा मिनिटं फिरू द्यायचं, मगच पुन्हा मोजायचं. आणि क्रम पाळायचा: आधी खत, मग आम्ल, कारण बहुतेक खतांनीच सामू थोडा उतरतो.

निगराणीतही फरक आहे. ईसीचा पेन धुऊन कोरडा ठेवला तरी चालतो. सामूच्या पेनाचं काचेचं टोक वाळलं की बिघडतं. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवायचं, शुद्ध पाण्यात नाही. महिन्याला सामू ४ आणि ७ असलेल्या तयार द्रावणांत बुडवून ताळा घ्यायचा. एवढं करूनही तो वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो.

म्हणून माझ्या कपाटात आता खताचा पंप स्वयंचलित आहे आणि सामू मात्र मी सकाळी चहा ठेवल्यावर हातानेच बघतो. वीस लिटरच्या टाकीत चुकून जास्त आम्ल पडलं, तर सगळी मुळं एका रात्रीत जातात. खत दोन दिवस कमी पडलं, तर पालक नुसता रुसतो.